काचेकडून गळते की पत्र्याकडून?

जुन्या गाडीची पुढची काच बदलून झाली, पहिल्याच पावसात पायाखालचा गालिचा भिजला आणि मालक सिलिकॉनची ट्यूब घेऊन काचेच्या कडेने बोट फिरवू लागला, हा प्रकार इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्याचे हसूही येत नाही. रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेल्या काचेभोवती पाणी आत येण्याच्या वाटा दोन असतात. एक काच आणि रबर यांच्यामधली, दुसरी रबर आणि गाडीचा पत्रा यांच्यामधली. या दोन्हींना सरसकट ‘काच गळते’ म्हटले जाते आणि उपाय मात्र नेहमी पहिलीवरच होतो. (काच थेट पत्र्याला चिकटवलेल्या नंतरच्या गाड्यांना यातले काहीच लागू नाही.)

पहिली वाट सर्वांच्या परिचयाची आहे. नवी काच मूळ काचेपेक्षा पातळ असली, किंवा रबर पसरवून घट्ट करणारी पट्टी नीट बसली नसली, तर रबराचे काचेवरचे पाते, म्हणजे काचेवर टेकणारा पातळ काठ, सैल राहते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पातळ चमच्याने ते पाते उचलावे, आत न सुकणारे सीलंट (फट बुजवणारा चिकट लेप) भरावे आणि बाहेर आलेले पुसून घ्यावे. एवढ्याने काम भागते.

खरी फसगत दुसऱ्या वाटेपाशी होते. रबराची आतली खाच पत्र्याच्या ज्या कडेवर बसते ती कड एकसंध नसते. दोन-तीन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात, आणि काचेच्या बाजूच्या खांबाचा पत्रा जिथे खालच्या पत्र्यावर चढतो तिथे पत्र्याच्या जाडीएवढी पायरी तयार होते. नवे, कडक रबर त्या पायरीवरून पुलासारखे जाते आणि खाली बोगदा उरतो. त्यात गंज खरवडून मारलेली पुट्टी किंवा रंगाचे जाड थर असले की कडेची जाडी जागोजागी बदलते. शिवाय वरच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी तिथेच टपकत नाही. ते खाचेतल्या खाचेत कडेने वाहत खालच्या कोपऱ्यापर्यंत येते आणि मग डॅशबोर्डमागून पायावर पडते. त्यामुळे जिथे ओल दिसते तिथे सीलंट भरणे म्हणजे पाण्याची बाहेर जायची वाट बुजवणे होय. पाणी आतच साचते, कड गंजते आणि लॅमिनेटेड काचेच्या थरांमध्ये ओल शिरून कडेला पांढुरका पट्टा दिसू लागतो.

दोन्हींमधला फरक ओळखण्यासाठी रुंद प्लास्टिकची चिकटपट्टी पुरते. गाडी पूर्ण कोरडी करून काच आणि रबर यांचा सांधा चारही बाजूंनी पट्टीने बंद करावा, एकाला विजेरी घेऊन आत बसवावे आणि पाइपचे पाणी अगदी मंद धारेने, खालच्या कडेपासून सुरुवात करून, एकेका जागी काही मिनिटे सोडत वर न्यावे. घाईने वरून पाणी ओतले तर काहीच कळत नाही, कारण ते खाली येताना सगळेच भिजवते. पट्टी असतानाही पाणी आत आले तर दोष बहुधा पत्र्याच्या बाजूचा आहे.

तिथे केवळ पाते उचलून सीलंट भरण्याने कधी कधी भागते. परंतु कडेला गंज किंवा मोठी पायरी असेल तर काच उतरवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. कड स्वच्छ करून रंगवावी, पायरीवर सीलंटची वात आधीच घालावी, रबर काचेवर चढवून त्याच्या पत्र्याकडच्या खाचेत दोरी घालावी, खाचेला साबणाचे पाणी लावावे आणि बाहेरून दुसरा माणूस काच दाबत असताना आतून दोरी ओढून पाते कडेवर आणावे.

सिलिकॉनला माझा विरोध ठाम आहे. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि ते उघड्या पत्र्याला गंजवते; शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे रंग धरत नाही. काच चिकटवण्याचे पॉलियुरेथेन या रबरात भरणे तर त्याहून वाईट, कारण पुढच्या वेळी काच अखंड निघण्याची आशा सोडावी लागते.

दोन्ही सांधे पट्टीने बंद करूनही आत पाणी आले, तर वायपरच्या दांड्याभोवतीचे रबर आणि काचेखालची हवेची जाळी पाहावी.