पाच लिटरची बरणी, दहा हजार लिटरची टाकी

चहा बशीत ओतला की पटकन निवतो, किटलीत बराच वेळ गरम राहतो. वाइन करणाऱ्यांची अर्धी डोकेदुखी या एवढ्याशा गोष्टीत आहे.

वसईत, गोव्यात नाताळसाठी घरी वाइन घालतात ती चिनीमातीची बरणी आठवा. पाचेक लिटरचा ऐवज, तोंडाला फडकं बांधलेलं, रोज लाकडी पळीने ढवळायचं. कान लावला तर आतली बारीक चुरचुर ऐकू येते. यीस्ट साखर खातंय, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतंय. यालाच किण्वन म्हणतात. सोबत उष्णताही बाहेर पडते, पण बरणीला हात लावला तर ते फारसं जाणवत नाही.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. लिटरमागे २२० ग्रॅम साखर असलेल्या रसाचं पूर्ण किण्वन झालं आणि त्यातली उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर रस सुमारे ३० अंश सेल्सिअसने तापेल. म्हणजे २० अंशांवर सुरुवात केली तर शेवट ५० वर. तिथपर्यंत यीस्ट जगतच नाही. पस्तिशी ओलांडली की ते मान टाकायला लागतं, आणि साखर शिल्लक असतानाच किण्वन अडकतं. उरलेल्या साखरेवर मग नको ते जिवाणू ताव मारतात आणि वाइनला व्हिनेगरचा वास येतो.

बरणी यातून सुटते ती आकारामुळे. उष्णता तयार होते सगळ्या रसात, पण बाहेर पडते फक्त पृष्ठभागातून. पाच लिटरवरून दहा हजार लिटरवर गेलात तर रस २,००० पट होतो. भांड्याची घडण तीच ठेवली तर पृष्ठभाग वाढतो जेमतेम १६० पट. प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी भिंत साडेबारा पटींनी आक्रसते. म्हणूनच घरची कृती दोन हजारांनी गुणून वाइनरी चालत नाही.

नाशिककडे द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. मार्चच्या दुपारी आलेली द्राक्षं आधीच तापलेली असतात, म्हणून पहाटेच तोडतात. स्टीलच्या टाक्यांना दुहेरी भिंत असते आणि तिच्यातून ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) मिसळलेलं थंड पाणी फिरतं. पांढऱ्या वाइनला साधारण १२ ते १८ अंश, लालला २५ ते ३०. लाल वाइनच्या टाकीत आणखी एक पंचाईत असते. गॅसच्या जोराने साली वर येऊन जाड थर धरतात आणि तो थर खालच्या रसापेक्षा कितीतरी गरम असू शकतो. एकाच टाकीत दोन हवामानं! म्हणून खालचा रस पंपाने वर चढवून त्यावर सोडतात. बरणीत हे काम पळी करते.

गॅसचाही हिशेब बघा. एक लिटर रसातून पन्नासेक लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. बरणीचा गॅस स्वयंपाकघरात कुठल्या कुठे विरतो. मोठ्या टाकीचे पाच लाख लिटर हवेपेक्षा जड असल्याने तळघरात साचतात आणि माणसाचा जीव घेऊ शकतात.

पण लहान भांडं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. थंडीच्या रात्री बरणी लगेच गारठते आणि यीस्ट झोपी जातं. शिवाय दर लिटरमागे हवेचा स्पर्श जास्त, म्हणजे व्हिनेगरच्या जिवाणूंची चंगळ. मोठी टाकी स्वतःची ऊब धरून ठेवते.

१९४७ साली फ्रान्सच्या बोर्दो भागात कडक उन्हाळा पडला. थंड करायची यंत्रणा नव्हती आणि मोठ्या लाकडी पिंपांत किण्वनं अडकू लागली. काहींनी थेट बर्फाच्या लाद्या आत टाकल्या. शेव्हाल ब्लां या वाइनरीची त्या वर्षीची वाइन थोडी साखर आणि व्हिनेगरची झाक घेऊनच बाटलीत उतरली. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने ती सदोष. आज ती विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या वाइन्समध्ये मोजतात. तोच प्रयोग आपल्या टाकीत करून बघायची हिंमत मात्र कोणी करत नाही.