म्युच्युअल डिव्होर्सचा अर्ज: कोणाला करता येतो, कागद काय लागतात आणि वकिलाच्या ऑफिसात नेमकं काय होतं

म्युच्युअल डिव्होर्स म्हणजे दोघांच्या संमतीने कोर्टातून मिळणारा घटस्फोट. आधी एक सांगून टाकते. नोटरीकडे जाऊन स्टॅम्पपेपरवर दोघांनी सह्या केल्या, चार साक्षीदार उभे केले, तरी त्याने घटस्फोट होत नाही. आमच्या ऑफिसात असा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन येणारी माणसं दर दोन-तीन महिन्यांनी येतात आणि येतात तीसुद्धा दुसरं लग्न ठरल्यावर. काही समाजात रूढीने काडीमोड चालते आणि कायदाही ती मानतो, पण ती रूढी आपल्यात खरंच चालत आलीय हे कोर्टात सिद्ध करता करता नाकी नऊ येतात, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. पहिलं लग्न कायद्याने शाबूत असताना दुसरं केलं तर तो गुन्हा आहे, पूर्वी आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) कलम ४९४ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८२.

मी फॅमिली कोर्टाची कामं करणाऱ्या एका ऑफिसात ज्युनियर वकील आहे. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम किती दिवसात होईल. दिवसांचं पुढे सांगते, पण आधी तुमची केस यात बसते का ते बघा. इथे जे लिहिलंय ते हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३ब चं आहे, हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू होणारं. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न झालं असेल तर कलम २८, पद्धत जवळपास हीच. इथे लोक हमखास गोंधळतात, कारण आधी विधी करून लग्न लावलं आणि मग नोंदणी करून सर्टिफिकेट घेतलं तर त्याला ते रजिस्टर मॅरेज म्हणतात, पण ते लग्न हिंदू विवाह कायद्याखालचंच असतं. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी लग्नांचे कायदे वेगळे, ते इथे घेत नाही.

अट काय, तर अर्जाच्या दिवशी दोघं वेगळं राहून किमान एक वर्ष झालेलं हवं, एकत्र राहणं जमत नाही हे दोघांनाही मान्य हवं आणि सही स्वतःच्या मर्जीने हवी. बस. कोणाची चूक, कोण कोणाला काय बोललं, सासू कशी होती, यातलं काहीच अर्जात लिहावं लागत नाही आणि खरं तर म्हणूनच हा रस्ता बरा. "वेगळं राहणं" म्हणजे वेगळं घरच हवं असंही नाही, नवराबायको म्हणून संसार थांबलाय आणि दोघं एकाच फ्लॅटच्या दोन खोल्यांत राहतायत तरी ते धरलं जातं, सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच हे सांगून ठेवलंय. मुंबई-पुण्यात घरभाड्यापायी असे राहणारे कितीतरी आहेत.

अर्ज कुठे करायचा? लग्न जिथे लागलं तिथे, शेवटचं एकत्र जिथे राहिलात तिथे, समोरची बाजू राहते तिथे किंवा बायको सध्या राहते त्या ठिकाणी, यातलं सोयीचं पडेल ते. वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला, नागपूरला आणि अशा बऱ्याच शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे.

आता कागद. दोघांची आधार-पॅन, पत्त्याचा पुरावा, दोघांचे पासपोर्ट साइज फोटो, मुलं असतील तर जन्मदाखले, लग्नाचं सर्टिफिकेट. सर्टिफिकेट नसलं तर घाबरायचं कारण नाही, लग्नपत्रिका आणि लग्नातला दोघांचा एकत्र फोटो जोडतो आणि प्रतिज्ञापत्र करतो. फोटो ज्यात दोघांचे चेहरे नीट दिसतात असा आणा, एकाने अंतरपाट मधे धरलेला फोटो आणला होता. सगळ्यात जास्त वेळ खातं ते नाव. बायकांची आपल्याकडे तीन-तीन नावं निघतात, दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं, पत्रिकेत घरातलं लाडाचं, आधारवर सासरी ठेवलेलं. अर्जात सगळी नावं "उर्फ" लावून लिहायची आणि एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लावायचं, नाहीतर डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, हातात आल्यावर बँक म्हणते ही बाई तुम्हीच कशावरून.

ऑफिसात पहिल्या मीटिंगला आमच्या सिनियर मॅडम दोघांना शक्यतो वेगवेगळं बसवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण नवरा शेजारी बसलेला असताना बाई "मला काही नको, फक्त मोकळं करा" म्हणते आणि तो बाहेर गेला की लॉकरमधल्या दागिन्यांची यादी निघते. म्युच्युअलला दोघांचा मिळून एक वकील चालतो आणि खर्चही वाचतो. पण घर, मोठी रक्कम किंवा मूल मधे असेल तर दुसऱ्या बाजूने सही करण्याआधी निदान ड्राफ्ट तरी आपल्या वेगळ्या वकिलाला दाखवावा, हे मी आमचंच नुकसान करून सांगते. फी आधी ठरवून लिहून घ्या. मिळणाऱ्या पोटगीतला टक्का फी म्हणून मागणारा कोणी भेटला तर सरळ उठून या, बार काउन्सिलच्या नियमात ते बसतच नाही. आणि फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, बायकांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. घटस्फोटाच्या केसमधे बायकांना आपल्या राज्यात कोर्ट फीसुद्धा माफ आहे.

यानंतर येतात कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीच्या अटी. वकिलाचं खरं काम इथे असतं, कोर्टातलं त्यामानाने थोडंच. दोघं सांगतात आमचं सगळं ठरलंय मॅडम, तुम्ही फक्त टाइप करा. मग आम्ही विचारायला लागतो. एका जोडप्याचं ठरलं होतं की मुलगा आईकडे राहील आणि बाबा "महिन्यातून दोनदा" भेटतील. कोणत्या दिवशी? शनिवारी. किती वाजता, कुठे, आणून कोण सोडणार, रात्री राहणार का, दिवाळीची सुट्टी कोणाकडे, परीक्षा असेल तर? "दोनदा" या एका शब्दावर त्या दिवशी दोन तास गेले, बाबा म्हणे दुसरा आणि चौथा शनिवार, आई म्हणे चौथ्या शनिवारी क्लास असतो, आणि शेवटी पहिला आणि तिसरा रविवार सकाळी दहा ते संध्याकाळी सात, सोसायटीच्या गेटवर, असं लिहिलं तेव्हा कुठे दोघं खुर्चीला टेकून बसले. तो वाद टेबलावर झाला म्हणून बरं, नाहीतर वर्षभराने त्याच गेटवर झाला असता.

पैशांचंही तसंच. एकरकमी द्यायचे असतील तर रक्कम, तारीख, हप्ते सगळं लिहायचं आणि शेवटचा डिमांड ड्राफ्ट शेवटच्या तारखेला कोर्टासमोर हातात द्यायचा, "नंतर देईन" यावर सही करायची नाही. बायको स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलाच्या खर्चाचा हक्क मात्र आईने लिहून दिलं म्हणून संपत नाही. स्त्रीधनाची यादी वस्तूनुसार करा, वजनासकट. फ्लॅट एकाने दुसऱ्याला द्यायचा असेल तर घटस्फोटाच्या आधीच बक्षीसपत्राचा विचार करा, कारण महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, आणि डिक्री झाल्यावर ती बायको राहत नाही. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी, बँकेला तुमच्या सेटलमेंटशी काही देणंघेणं नसतं, ज्याची सही त्याच्याकडून हप्ता.

एकमेकांवर केसेस असतील तर प्रत्येकीचा नंबर टाकून काय करायचं ते लिहायचं. पोटगीची किंवा घरगुती हिंसाचाराची केस मागे घेता येते. ४९८अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाची फौजदारी केस (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८५), मात्र आपसात मिटवून संपत नाही, त्यासाठी हायकोर्टात एफआयआर रद्द करायचा अर्ज करावा लागतो आणि तक्रारदार बाईला तिथे संमती द्यावी लागते. हे लिहायचं राहिलं तर डिव्होर्स होतो आणि क्रिमिनलच्या तारखा चालूच राहतात.

इतकं झालं की अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्र, अटी सगळ्याच्या पानापानावर सह्या करून फाइल दाखल होते. फॅमिली कोर्टात वकील हा हक्क म्हणून उभा राहत नाही, कोर्टाची परवानगी लागते, म्हणून वकीलपत्राबरोबर तो अर्जही जातो. मग समुपदेशकाकडे पाठवतात. या खोलीला लोक फार घाबरतात. तिथे दोघांना एकत्र आणि वेगवेगळं विचारतात की पुन्हा जमेल का, कोणाचा दबाव आहे का, अटी समजल्यात का. एक बाई आत जाऊन पाच मिनिटात बाहेर आली आणि म्हणाली, चार वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की तुला काय हवंय. पाठांतर करून जाऊ नका, जे आहे ते सांगा.

आता दिवस. अर्ज केल्यापासून सहा महिने थांबायचं, सगळे त्याला कूलिंग पीरियड म्हणतात, आणि सहा महिन्यांनंतर पण अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की आमचं ठरलेलं कायम आहे. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, पण त्यासाठी अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, मुलाचा ताबा वगैरे सगळं मिटलेलं हवं. वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि तो मंजूर करायचा की नाही हे न्यायाधीशांच्या हातात. म्हणून "आठ दिवसात करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. २०२३ मधे घटनापीठाने थेट घटस्फोट देण्याबद्दल जे सांगितलं ते सुप्रीम कोर्टाच्या स्वतःच्या खास अधिकाराचं आहे, तुमच्या शहरातल्या फॅमिली कोर्टाला तो अधिकार नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फिरतं.

आणि हो, शेवटच्या दिवसापर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. तसं झालं तर या कलमाखाली काही होत नाही, मग क्रूरता किंवा सोडून जाणं असं कारण दाखवून कलम १३ ची केस करायची, आणि ती वर्षं खाते. हप्ते एकदम देऊन मोकळं होऊ नका असं आम्ही का सांगतो ते यावरून लक्षात येईल.

एक जण परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र करून पाठवता येतं आणि व्हिडिओ कॉन्फरन्सवर हजर राहायची परवानगी मागता येते, फक्त हे पहिल्याच मीटिंगला सांगा, तारखेच्या आदल्या रात्री नको.

शेवटच्या तारखेला पुकारा होतो, दोघं उभं राहतात, न्यायाधीश सही तुमचीच का, बळजबरी नाही ना, ठरलेले पैसे मिळाले का एवढं विचारतात आणि दहा मिनिटात संपतं. मग नक्कल विभागात अर्ज करून डिक्रीच्या तीन-चार सर्टिफाइड प्रती घ्या, पासपोर्ट, बँक, पीएफचं नॉमिनेशन सगळीकडे लागतात. प्रत हातात आली की खिडकीशीच उभं राहून वाचा. एका क्लायंटच्या डिक्रीत "उर्फ" नंतरचं नाव गळलं होतं, ते घरी गेल्यावर दिसलं, मग दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा बोर्ड (कोर्टाची त्या दिवसाच्या केसेसची यादी), पुन्हा तारीख.