पावसाळ्यात खताचा खड्डा का नासतो?

ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या बऱ्याच सोसायट्यांचं घोडं जुलैमध्ये अडतं. वास सुटतो, तळातून काळं पाणी पाझरतं, तळमजल्यावरून तक्रारी येतात आणि प्रकल्प गुंडाळला जातो. बोट दाखवलं जातं ते विरजणाकडे (कचरा लवकर कुजावा म्हणून घालतात ते जिवाणूंचं मिश्रण) किंवा माळ्याकडे. खरी अडचण असते हवेची.

कंपोस्ट करणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला प्राणवायू लागतो. तो मिळाला की ढीग आतून 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत बहुतेक रोगजंतू मरतात. मात्र हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. ओल 60 टक्क्यांच्या फार वर गेली की कचऱ्यातल्या फटी पाण्याने भरतात, ढीग गुदमरतो आणि हवेविना जगणारे जिवाणू ताबा घेतात. नाकात जातो तो त्यांनी तयार केलेल्या आम्लांचा आणि हायड्रोजन सल्फाइडचा वास.

यावर सुक्या पाल्याइतका स्वस्त उपाय नाही. तो ओल शोषतो, फटी मोकळ्या ठेवतो आणि कार्बनही पुरवतो. कंपोस्टला नत्राच्या 25 ते 30 पट कार्बन हवा असतो आणि नुसत्या खरकट्यात तो कमी पडतो. एक बादली ओल्या कचऱ्यामागे निदान एक बादली पाला घालावा. पण पिंपळ, बदाम यांचा पाला उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतो, आणि पावसाळ्यात हवा तेव्हा मिळत नाही. तो तेव्हाच पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवायला हवा. झाडून गोळा केलेला हा पाला कोपऱ्यात जाळताना दिसला की जीव तुटतो.

हवेविना जगणाऱ्या जिवाणूंना शत्रू समजायचं कारण नाही. बंद टाकीत तेच बायोगॅस देतात आणि त्यात साधारण 55 ते 65 टक्के मिथेन असतो. डम्पिंग ग्राउंडच्या ढिगाखाली हीच क्रिया होते, पण तिथला मिथेन हवेत सुटतो आणि 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापमानवाढ करतो. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधला पाणीदार भाजीपाला आणि फळं टाकीसाठीच योग्य. पाल्याला ताठपणा देणारं लिग्निन मात्र टाकीत जवळजवळ पचत नाही, त्याला बुरशी आणि हवाच लागते.

टाकीलाही पथ्य आहे. आंब्याच्या हंगामात सडकी फळं एकदम ओतली, तर साखरेचं झपाट्याने आम्ल होतं. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव संथ असतात, त्यांना ते वेळेत संपवता येत नाही. सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 6.5 च्या खाली गेला की गॅस बंद पडू लागतो. अशा वेळी भरणं थांबवून शेणाची स्लरी घालावी आणि टाकी सावरल्यावर थोडं थोडं खाद्य द्यावं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात कचरा आधी एका टाकीत हवा आणि गरम पाणी देऊन पचवतात, मगच बंद टाकीत सोडतात.