हिरे, तेल आणि बंडखोरांचा हिशेब

बंदूक वर्षानुवर्षे टिकते. गोळ्या, डिझेल आणि धान्य मात्र रोज लागते. बंडखोरांचे खरे दुखणे हा रोजचा खर्च. अंगोलातील यादवीत (१९७५–२००२) साविंबींच्या ‘युनिटा’ या बंडखोर संघटनेला आधी दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेने पोसले. समोरच्या एमपीएलए सरकारकडे सोव्हिएत शस्त्रे आणि क्युबाचे सैन्य होते.

पण मैत्रीचे गणित सरळ नव्हते. अंगोलाच्या कॅबिंडा प्रांतात अमेरिकी कंपनी तेल काढत होती, त्यातून सरकारची तिजोरी भरत होती आणि तिथे पहारा होता क्युबाच्या सैनिकांचा! मे १९८५ मध्ये तिथल्या तेलसाठ्यांवर घाला घालायला दक्षिण आफ्रिकेचे कमांडोच आले; दोघे मारले गेले, एक पकडला गेला. म्हणजे अमेरिकेच्या मित्राचा नेम अमेरिकी कंपनीवर होता.

क्युबा आणि दक्षिण आफ्रिकेच्या माघारीच्या १९८८ च्या करारानंतर बाहेरची रसद आटत गेली आणि युनिटाची भिस्त ईशान्य अंगोलातील कुआंगो नदीच्या खोऱ्यातल्या हिऱ्यांवर आली. समुद्रातले तेल काढायला कंपनी लागते, नदीतल्या हिऱ्याला फावडे आणि चाळणी पुरते. वरची माती हटवून खालची खडी काढायची, चाळणी पाण्यात गोल फिरवत हलवायची. हिऱ्याची घनता सुमारे ३.५, क्वार्ट्झची (गारगोटीची) २.६५; त्यामुळे जड खडे तळाशी, मधोमध जमतात. चाळणी झटक्यात पालथी केली की तेच वर येतात, मग बोटांनी वेचायचे.

मात्र हिरा बंदुकीत भरता येत नाही. त्यासाठी दलाल, विमान, इंधन आणि शस्त्रे भलत्याच देशासाठी घेतल्याचे दाखवणारी कागदपत्रे लागतात. बंडाची नस इथे सापडते, खाणीत नाही. मे १९९७ मध्ये झैरमध्ये (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) हुकूमशहा मोबुटू पडले आणि युनिटाचा शेजारचा मोठा आसरा गेला. मोबुटूंना पाडणाऱ्यांच्या मदतीला अंगोलाचे सैन्य होते, हा योगायोग नव्हे. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युनिटाच्या हिऱ्यांवर बंदी घातली. ही बंदी कशी मोडली जाते हे तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या फाउलर अहवालाने बनावट कागदपत्रांच्या संदर्भात टोगो आणि बुर्किना फासोच्या राष्ट्राध्यक्षांची नावेच घेतली. फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले गेले, एप्रिलमध्ये युद्धविराम झाला.

२००३ पासून लागू झालेली किंबर्ली व्यवस्था कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र सक्तीचे करते. पण तिच्या व्याख्येत ‘संघर्षाचे हिरे’ म्हणजे सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारे. सरकारी फौजेनेच खाणीवर अत्याचार केले, तर तो हिरा या व्याख्येत बसत नाही.