पार्श्वभूमी : लिंकर ‘गरजेपुरते’ कधीपासून मोजू लागला

फोंड्याला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा सीनियरांकडून आलेली मेकफाइल (प्रोग्राम कसा बांधायचा ते ‘मेक’ला सांगणारी फाइल) घेऊन बसला होता. प्रयोगशाळेतल्या फेडोरा लिनक्सवर ती बिनतक्रार चालायची, घरच्या उबुंटू लिनक्सवर मात्र ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, म्हणजे बोलावलेले फंक्शन सापडत नाही. ‘मामा, -एलएम तर दिलाय!’ गणिताची लायब्ररी जोडायला सांगणारा हा फ्लॅग दिला होता खरा, पण ऑब्जेक्ट फाइलींच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्यांच्या, आधी.

लायब्ररीतला कोड प्रोग्राममध्येच उतरवून घेणाऱ्या स्टॅटिक अर्काइव्हच्या काळात अशी चूक खपत नसे. तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा लिंकर आदेशाच्या ओळीत डावीकडून उजवीकडे जातो आणि तोवर ज्या फंक्शनांची मागणी नोंदली गेली असेल, तेवढ्यांचाच माल अर्काइव्हमधून उचलतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरचीवाला मागे गेल्यावर मिरची आठवली, तर तो परत फिरत नाही. 1995 च्या सुमारास लिनक्स ईएलएफ या फाइलरचनेवर आले. त्यात शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम सुरू होताना वेगळी लोड होणारी) ओळीत कुठेही लिहा, वापरा अथवा नका वापरू, प्रोग्रामच्या ‘नीडेड’ यादीत तिची नोंद व्हायचीच. सोय झाली आणि क्रमाची सवय मोडली.

घोळ आहे तो याच ‘नीडेड’ शब्दात. नाव ‘लागणारी’, अर्थ मात्र ‘आदेशात लिहिलेली’. न वापरलेल्या लायब्रऱ्याही त्यामुळे प्रोग्राम सुरू होताना लोड होत. एखादीचा एसओनेम (तिचे आवृत्तीसह नाव) बदलला, की तिचे एकही फंक्शन न वापरणारी पॅकेजेसही पुन्हा बांधावी लागत. ‘--अ‍ॅज-नीडेड’ हा फ्लॅग त्यावरचा उतारा: लिंकर तिच्यापाशी पोचेपर्यंत कोणी काही मागितले नसेल, तर नोंदच नाही. म्हणजे अर्काइव्हचा जुना नियम शेअर्ड लायब्रऱ्यांनाही लागू झाला.

2011 मध्ये उबुंटू 11.10 ने हा फ्लॅग कंपायलरमध्येच मुळापासून चालू केला. वाद या निर्णयाचा आहे. मूळ लिंकरमध्ये तो आजही आपोआप लागू होत नाही, त्यामुळे तीच ओळ एका यंत्रावर चालते आणि दुसऱ्यावर अडते. लोड होताच स्वतःची नोंदणी करणारी, पण जिचे फंक्शन कोणी थेट बोलावत नाही अशी लायब्ररी तर गुपचूप गळते. लिंकिंग सुरळीत होते आणि बिघाड चालवताना दिसतो. बदलाची दिशा मला योग्य वाटते. पण आदेशात न दिसणारा फ्लॅग शिकणाऱ्याला तासन्‌तास चुकीच्या जागी शोधायला लावतो, आणि ही किंमत तेव्हा कमी लेखली गेली.

अप्रत्यक्ष, म्हणजे आदेशात न लिहिता दुसऱ्या लायब्ररीमार्फत येणाऱ्या, लायब्ररीवर विसंबणे फेडोरा 13 ने 2010 मध्येच बंद केले होते. 2021 च्या जीलिबसी (लिनक्सवरची मुख्य सी लायब्ररी) 2.34 पासून थ्रेड्सची लायब्ररी मुख्य लायब्ररीतच आली, तिचा फ्लॅग आता नावापुरता उरला आहे. गणिताची लायब्ररी मात्र अजून वेगळी आहे.

भाच्याच्या मेकफाइलमध्ये -एलएम ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये होता. मेकच्या अंगभूत नियमात हे चल ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येते, ‘एलडीलिब्ज’ नंतर. तो एक शब्द तिकडे हलवला आणि दोन्ही यंत्रांवर बिल्ड झाले.