टर्कीची शेपटी आणि मोराचा पिसारा

नागपूरच्या आसपास एखाद्या पोल्ट्रीत नर टर्की शेपटी उभारून फिरू लागला, की त्याला ‘विलायती मोर’ म्हटले जाते आणि तोही मोरासारखाच पिसारा फुलवतो असे मुलांना सांगितले जाते. हे वाक्य मला दरवेळी खटकते, कारण त्यात दोन्ही पक्ष्यांविषयी चुकीची माहिती आहे.

अंबाझरी-गोरेवाड्याकडे मोर पाहिलेल्यांना त्याचे वर्णन नको. दोन्ही पक्षी एकाच कुळातले. मोर आपला, तर टर्की मूळचा उत्तर अमेरिकेतला, तुर्कस्तानशी त्याचे नाते नावापुरतेच. आवाज आणि रंग यांतले फरक कोणालाही कळतात.

घोटाळा होतो तो पिसाऱ्यापाशी. मोराचा पिसारा ही त्याची शेपटी नव्हेच. शेपटीच्या मुळावर, पाठीच्या बाजूने उगवणारी पिसे अतोनात लांब वाढून तो तयार होतो. खरी शेपटी त्याखाली झाकलेली, आखूड, ताठ व तपकिरी असते आणि पिसारा तिच्याच टेकूवर उभा राहतो. मोर नाचत असताना त्याच्या मागच्या बाजूने पाहावे, हा टेकू स्पष्ट दिसतो. पावसाळा सरता सरता पिसारा गळतो, शेपटी मात्र राहते. टर्की जी उभारतो ती त्याची खरीखुरी शेपटी असते, बहुधा १८ रुंद पिसांची, आणि रानटी टर्की उडताना दिशा सांभाळण्यासाठी तीच वापरतो. म्हणून टर्कीच्या बाबतीत ‘पिसारा’ हा शब्द मला मान्य नाही. पिसांवर ‘डोळे’ दिसले की मोर, ही खूणही पुरेशी नाही, कारण युकातान द्वीपकल्पातल्या टर्कीच्या दुसऱ्या जातीतही असे डोळे असतात, पण तेही शेपटीवरच.

मोराशी तुलना जहांगीरनेही केली होती. त्याच्या दरबारातल्या मुकर्रबखानाने १६१२ मध्ये गोव्याहून आणलेला टर्की लांडोरीहून मोठा व मोराहून लहान असल्याचे त्याने लिहिले, आणि त्याचे डोके व मान कधी पोवळ्यासारखी लाल, तर कधी कापसासारखी पांढरी होते, हेही नोंदवले. माझ्या मते खरे नवल तेच आहे. उत्तेजित टर्कीच्या उघड्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावतात, त्यामुळे त्वचेतल्या तंतूंमधले अंतर बदलते आणि प्रकाश वेगळ्या रंगात परततो. मोराचे रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतच ठरलेले असल्याने त्याला असे क्षणात रंग पालटणे शक्य नाही.