पडदा भारी, पण अक्षर दिसेना

भाच्याने नवा लॅपटॉप घेतला आणि चौथ्याच दिवशी माझा वाचायचा चष्मा मागायला आला. वय वर्षं सतरा. "मामा, गेममधलं काही वाचताच येत नाहीये. जुन्या लॅपटॉपवर दिसत होतं की!" जुना होता १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा (म्हणजे पिक्सेलचा), नवा फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० चा. दोन्हींचा पडदा १५.६ इंचीच. जवळजवळ आठपट ठिपके पदरात पडले आणि अक्षरं मात्र गेली.

गेम जुना, त्याच्या जन्माच्या आसपासचा. त्या काळातल्या बऱ्याच पीसी गेममध्ये अक्षराची उंची ठिपक्यांत बांधलेली असे. समजा १२ ठिपके. जुन्या पडद्यावरचा एक ठिपका पाव मिलिमीटरचा, म्हणजे अक्षर ३ मिलिमीटर उंच. नव्या पडद्यावरचा ठिपका ०.०९ मिलिमीटरचा. तेच १२ ठिपके, पण अक्षर जेमतेम १ मिलिमीटर. गेमने काही चूक केलेली नाही. त्याला सांगितले तेवढे ठिपके त्याने इमानेइतबारे रंगवले.

दुकानात रिझोल्युशन म्हणून जो आकडा सांगतात, तो ठिपक्यांची नुसती शिरगणती असते. डोळा ठिपके मोजत नाही, त्याला कोन कळतो. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. पंचांगात या साठाव्या भागाला 'कला' म्हणतात. टेबलावरचा पडदा ६० सेंटिमीटरवर असेल, तर एक कला म्हणजे ०.१७ मिलिमीटर. २४ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८०) मॉनिटरचा ठिपका ०.२८ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे नीट पाहिलं तर तिरप्या रेघेच्या पायऱ्या दिसतात. २७ इंची फोर-के मॉनिटरचा ठिपका ०.१६ चा, तो डोळ्याच्या हाताला लागत नाही. हाच हिशेब दिवाणखान्यात वेगळा होतो. आठ फुटांवरून एक कला ०.७ मिलिमीटरची होते आणि ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे फोर-के घेऊन सोफ्यावरून फार काही जास्त दिसेल, असं मला वाटत नाही.

गंमत म्हणून पडद्यावर ओलं बोट झटकून पाण्याचा बारीकसा थेंब पाडून बघा. थेंबाचं भिंग होतं आणि पांढऱ्या जागेत लाल, हिरवे, निळे तुकडे दिसू लागतात. एक ठिपका म्हणजे खरं तर या तिघांची चाळ. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेलं क्लिअरटाइप हे तंत्र याच बिऱ्हाडांना वेगवेगळं पेटवून अक्षराची कड आडव्या दिशेने अधिक बारकाईने काढतं.

आता चित्राकडे वळू. शंभर मीटरवर उभा असलेला पावणेसहा-सहा फुटी शत्रू घ्या. गेमचा कॅमेरा आडवा ९० अंश पाहत असेल, तर ठिपक्यांच्या ७६८ ओळी असलेल्या पडद्यावर हा माणूस १२ ठिपके उंच येतो, १०८० वर १७ आणि फोर-के वर ३४. डोकं म्हणजे उंचीचा साधारण आठवा हिस्सा, तेव्हा जुन्या लॅपटॉपवर त्याचं डोकं दीड ठिपक्याचं होतं! आकार तितकाच दिसतो, फक्त तो माणूस आहे की झुडूप हे कळायला जास्त पुरावा मिळतो. तरीही काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमचे कित्येक कसलेले खेळाडू मुद्दाम १२८० बाय ९६० वर खेळतात आणि ते चित्र रुंद पडद्यावर ताणतात. दोन्ही कडांचं दृश्य जातं, पण शत्रू जाडजूड दिसतो आणि संगणकावरचा भार हलका होऊन हालचाल झपाझप होते. तिथे सौंदर्यदृष्टीला कोण विचारतो?

चित्राची खरी परीक्षा विजेच्या तारांवर होते. तार ३ सेंटिमीटर जाड आणि खेळाडूपासून ५० मीटर अंतरावर आहे, असं धरा. फुल एचडीवर त्या अंतरावरचा एक ठिपका ५ सेंटिमीटरचा चौकोन व्यापतो. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकातला चित्र रंगवणारा भाग, साध्या पद्धतीने काम करताना चौकोनाच्या मध्यबिंदूवर काय आहे एवढंच बघतं. मध्यावर तार सापडली तर ठिपका काळा, नाहीतर आकाश. त्यामुळे तिरपी तार तुटक तुटक येते आणि खेळाडू चालू लागला की ते तुकडे वळवळतात. फोर-के वर चौकोन अडीच-पावणेतीन सेंटिमीटरचा होतो, तार त्याहून जाड ठरते आणि अखंड दिसते. अँटी-एलियासिंग म्हणतात ते यावरचंच औषध: एका चौकोनात अनेक जागी डोकावायचं आणि सरासरी रंग भरायचा. तार सांधली जाते, पण फिकट होते.

म्हणजे चित्राला ठिपके जितके मिळतील तितके हवेत. अक्षराला आधी पुरेसा आकार हवा, मग ठिपके. हे भांडण उलट्या बाजूनेही होतं. २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलवर आलेल्या 'डेड रायझिंग' या गेममधला मजकूर एचडी टीव्ही डोळ्यांसमोर ठेवून रचला होता. घरोघरी मात्र अजून जुने टीव्ही होते आणि त्यांवर तो वाचता येईना, म्हणून लोकांनी बरीच ओरड केली. ७२० ओळींत १५ ठिपके उंच असलेलं अक्षर ४८० ओळींत १० ठिपक्यांवर येतं, वर जुन्या टीव्हीचा धूसरपणा. आज मायक्रोसॉफ्टच्या सुगम्यतेच्या सूचनांत आकडेच दिले आहेत: कन्सोलवर १०८० ओळींसाठी किमान २६ ठिपके, फोर-के साठी ५२. ओळी दुप्पट तर अक्षराचे ठिपकेही दुप्पट.

अलीकडच्या गेमनी या दोघांची चूलच वेगळी केली आहे. डोंगर-झाडं कमी ठिपक्यांत रंगवायची, मग ते चित्र हुशारीने मोठं करायचं (ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं २०१८ पासूनचं डीएलएसएस हे तंत्र हेच करतं) आणि मजकूर सगळ्यात शेवटी पडद्याच्या पूर्ण ठिपक्यांत वर चिकटवायचा.

देवनागरीचं दुखणं आणखी वेगळं. रोमन अक्षरं ५ बाय ७ ठिपक्यांतही ओळखता येतात. आपल्याकडे १२ ठिपक्यांत वर मात्रांना तीन, शिरोरेषेला एक, खाली उकारांना तीन दिले की अक्षराच्या अंगाला उरतात पाच. त्यात 'ब'च्या पोटातली रेघ बसवायची कुठे? ती बुजली की 'ब'चा 'व' होतो. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्यात शिरोरेषेतल्या एका फटीचा फरक. आणि 'दऱ्या' ओलांडायच्या आहेत की 'दर्या', हे एका बारीक वळणावर ठरतं! जपान्यांनाही हा त्रास होताच. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिली कॉम्प्युटर या गेम कन्सोलवर चित्र २५६ बाय २४० चं आणि अक्षर ८ बाय ८ च्या चौकटीत. 'का'चा 'गा' करणाऱ्या दोन टिकल्या त्यात मावेनात, म्हणून अनेक गेममध्ये त्या वरच्या ओळीतल्या वेगळ्या चौकटीत टाकत.

भाच्याच्या जुन्या गेममध्ये चुली वेगळ्या करायची सोय नव्हती. मी त्याला गेमचं रिझोल्युशन १९२० बाय १०८० करायला सांगितलं. फोर-केच्या बरोबर निम्मं, म्हणजे गेमचा एक ठिपका पडद्याच्या दोन बाय दोन ठिपक्यांत चपखल बसतो. २५६० बाय १४४० केलं असतं तर एकाला दीड ठिपका आला असता आणि अर्ध्याची वाटणी करताना कडा पुसट झाल्या असत्या. दोन बाय दोनमध्येही बरेचदा यंत्रणा सवयीने कडा मऊ करते. त्यासाठी एनव्हिडिया आणि इंटेल या दोघांनीही २०१९ मध्ये पूर्णांकी पटीत मोठं करायची सोय दिली. ती सुरू केली. अक्षर २.२ मिलिमीटरचं झालं, चष्मा परत मिळाला.

पाच मिनिटांत हाक आली. "मामा, तारा परत तुटल्या!" मग त्याने स्वतःच तोड काढली. आता तो सूचना वाचताना १०८० वर असतो आणि त्या पाठ झाल्या की पुन्हा फोर-के लावतो.